मूकपटाची वाचा : कुमारी लिलियन गिश

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं मुलें, सुना, लेकी आणि नातवंडें मिळून चौदा माणसें जमलीं होतीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर पडद्यावर काय लावावें याविषयीं रोजचा वाद सुरू झाला. थोरल्यांना कीर्तन हवें, मुलांना क्रिकेट हवें आणि सुनांना मालिका. अखेरीस कॉलेजांत शिकणाऱ्या नातवानें, कोणाचेंच न ऐकतां, शंभर वर्षांपूर्वींचा एक अमेरिकन मूकपट लावून दिला. त्यांत रंग नाहीं, संवाद नाहींत. मधून मधून इंग्रजी अक्षरांची पाटी येई, ती धाकटी सूनबाई मराठींत सांगत असे. पहिलीं दहा मिनिटें मुलांनीं थट्टेंत घालविलीं. पुढें हळूहळू सगळें दालन गप्प झालें.

आमच्या थोरल्या वहिनींना गेलीं दहाबारा वर्षें मुळींच ऐकूं येत नाहीं. इतर वेळीं पडद्यावर कांहींहि चाललें असलें तरी त्या कोपऱ्यांत वाती वळीत बसतात. त्या रात्रीं मात्र वातींचें तबक त्यांनीं मांडीवरून केव्हां खालीं ठेवलें तें त्यांनाहि कळलें नाहीं. कथेंतील नायिका एका शेतकऱ्याच्या घरीं कामाला राहिलेली असते. एका श्रीमंत तरुणानें खोटें लग्न लावून तिला फसविलेलें असतें आणि तिचें तान्हें मूल तिच्या मांडीवर मरण पावलेलें असतें. ही पूर्वकथा कळतांच घरचा वडील पुरुष तिला भर वादळांत दार दाखवितो. त्या वेळीं तो श्रीमंत तरुण त्याच घरीं पाहुणा म्हणून जेवावयास बसलेला असतो. हा प्रसंग पाहतां पाहतां वहिनी एकदम आमच्याकडे वळून म्हणाल्या, “भावोजी, सगळे मिळून त्या पोरीलाच घालवून देताहेत. पण ज्यानें फसवलं तो तर तिथंच पानावर बसलाय की!” सूनबाईंनीं वाचून दाखविलेली एकहि पाटी वहिनींनीं ऐकली नव्हती. त्यांना जें कळलें तें केवळ त्या मुलीच्या मुद्रेवरून.

चित्रपट संपल्यावर त्यांनीं आणखी एक प्रश्न विचारला. “हिच्या घरीं कोण कोण होतं हो?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. चाळीस वर्षें शिक्षकी केलेल्या माणसास प्रश्न अनुत्तरित ठेवणें जड जातें. म्हणून त्यानंतर आम्हीं या नटीचें चरित्र मिळवून वाचलें, आणि वहिनींसाठीं जें उत्तर जुळविलें तेंच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

तो चित्रपट ‘वे डाउन ईस्ट’ हा १९२० सालचा होय, आणि ती नटी कुमारी लिलियन गिश. तिचा जन्म १४ ऑक्टोबर १८९३ रोजीं अमेरिकेच्या ओहायो संस्थानांतील स्प्रिंगफील्ड या गांवीं झाला. धाकटी बहीण डोरोथी ११ मार्च १८९८ रोजीं जन्मली. बाप जेम्स गिश यास संसाराचा भार पेलला नाहीं. तो बायको आणि दोन मुली यांना मागें टाकून निघून गेला. आई मेरी हिनें उपजीविकेसाठीं नाटकांत काम पत्करलें. त्या काळीं तिकडेहि कुलीन घराण्यांतील स्त्रीनें रंगभूमीवर जाणें लाजिरवाणें मानीत. परंतु दोन तोंडांत घांस घालावयाचा असला म्हणजे कुलीनपणाचा विचार दुसऱ्या दिवसावर ढकलावा लागतो. मुलींनाहि लवकरच कामें मिळूं लागलीं. १९०२ च्या सुमारास, वयाच्या आठव्या-नवव्या वर्षीं, लिलियन फिरत्या नाटकमंडळीबरोबर गांवोगांव हिंडूं लागली. पुष्कळदां आई आणि धाकटी बहीण एका मंडळींत असत व लिलियनला एकटीला दुसऱ्या मंडळींत रहावें लागे. आगगाडींतील बाकावर झोंपावें, मिळेल तें खावें, आणि रात्रीं रंगभूमीवर उभें रहावें, असें तिचें बालपण गेलें. नियमित शाळा तिला फारशी लाभली नाहीं. ती उणीव तिनें जन्मभर वाचन करून भरून काढली. आईची शिकवण मात्र तिच्याजवळ अखंड राहिली : काम वेळेवर करावें, पैसा जपून वापरावा आणि कोणाच्या दारीं हात पसरूं नये.

हें वाचीत असतां आम्हांस आपल्याकडील एका मायलेकींची आठवण झाली. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हां तारामतीच्या कामासाठीं एकहि स्त्री मिळाली नाहीं, आणि तें काम साळुंके नांवाच्या तरुणास करावें लागलें. त्याच वर्षींच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रांत मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची बालवयांतील कन्या कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. आई पार्वती झाली व मुलगी मोहिनी. याहि मायलेकी पोटासाठींच नाटकमंडळींत आलेल्या होत्या. ओहायोंतील मायलेकींना यांचें नांव ठाऊक असण्याचें कारण नाहीं, यांना त्यांचें नाहीं. तथापि पृथ्वीच्या दोन टोकांवर एकाच सुमारास एकाच अडचणीनें एकच वाट दाखविली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें आईनें इलिनॉय संस्थानांत ईस्ट सेंट लुई येथें खाऊचें दुकान चालविलें. शेजारींच चलच्चित्रांचें एक छोटें नाटकगृह होतें. नाटकाच्या दिवसांत न्यूयॉर्क शहरीं या कुटुंबाची स्मिथ नांवाच्या दुसऱ्या एका कुटुंबाशीं ओळख झालेली होती. तेंहि असेंच, आई आणि मुलें. त्यांतील ग्लॅडिस ही लिलियनची मैत्रीण. १९१२ सालीं गिश भगिनींना एका चलच्चित्रांत ही ग्लॅडिस अकस्मात् दिसली. त्या तिला भेटावयास न्यूयॉर्कमधील बायोग्राफ कंपनींत गेल्या. तेथें ग्लॅडिसनें आपलें नवें नांव सांगितलें. तें नांव मेरी पिकफर्ड. थोड्याच वर्षांत सगळें जग तिला याच नांवानें ओळखूं लागलें. तिनें या दोघींची गांठ दिग्दर्शक डेव्हिड वॉर्क ग्रिफिथ यांच्याशीं घालून दिली.

ग्रिफिथ यांनीं घेतलेली परीक्षा मोठी विलक्षण होती. दोघी बहिणी दिसावयास सारख्या. ओळखूं याव्या म्हणून त्यांनीं एकीच्या केंसांना निळी फीत बांधविली व दुसरीच्या केंसांना तांबडी, आणि नांवांऐवजीं रंगांनींच त्यांना हांका मारावयास आरंभ केला. मग घरांत चोर शिरल्याचा प्रसंग सांगून ते स्वतःच पिस्तूल काढून छताकडे गोळ्या झाडीत त्यांच्या मागें धांवले. मुली खरोखरच भ्याल्या. ग्रिफिथ यांना हवें होतें तें मिळालें. त्याच वर्षीं ‘ॲन अन्सीन एनेमी’ या लहानशा चित्रांत दोघी बहिणी एकत्र झळकल्या. लिलियनच्या पंचाहत्तर वर्षांच्या कारकीर्दीचा हा आरंभ होता.

येथें थोडा शास्त्रविचार करावासा वाटतो. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीराच्या हालचालींनीं होतो तो आंगिक, वाणीनें होतो तो वाचिक, वेषभूषेनें होतो तो आहार्य, आणि अंतःकरणांतील भाव शरीरावर आपोआप उमटतो तो सात्त्विक. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु आणि प्रलय असे सात्त्विक भाव आठ. रंगभूमीवर शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकास नटाच्या ओठाचा कंप अथवा चेहऱ्यावरील पांढुरकी छटा दिसणें अशक्य. म्हणून नाटकांतील नट हात उंच करून व आवाज चढवून भाव पोंचवितो. मूकपटानें वाचिक अभिनय काढून घेतला खरा, परंतु यंत्राची कांच नटाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर नेऊन ठेवली. या अंतराचा अर्थ ज्यांना प्रथम कळला त्यांत ग्रिफिथ आणि लिलियन यांची गणना होते. आरंभींचीं इतर चित्रें पाहिलीं तर त्यांतील पात्रें नाटकांतल्याप्रमाणें हातवारे करतांना दिसतात. लिलियन पुष्कळदां नुसती उभी राहते. एक बोट ओठाकडे जातें, डोळे किंचित् वळतात, आणि आमच्या बहिऱ्या वहिनींना सारी कथा कळते.

हें सहजसाध्य नव्हतें. १९१९ सालच्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ या चित्रांत तिनें लंडनमधील गरीब वस्तींतल्या एका पोरक्यासारख्या मुलीचें काम केलें. वय पंचवीस उलटलेलें, आणि काम अल्पवयी बालिकेचें. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या सांथींतून ती नुकतीच उठलेली होती. दारुड्या बापाच्या माराखालीं वाढलेल्या या मुलीला हांसावयास कसें तें ठाऊक नसतें. बाप हांस म्हणाला कीं ती दोन बोटांनीं ओठांचीं टोकें वर ढकलून धरते. ही युक्ति लिलियनला स्वतःलाच सुचली होती. पुढें बाप कुऱ्हाड घेऊन दार फोडीत असतां कोंडलेली मुलगी त्या इवल्याशा खोलींत गरगर फिरते, तो प्रसंग पाहवत नाहीं. भयाचें इतकें यथार्थ चित्र आम्ही तरी दुसरें पाहिलें नाहीं. या कथेंत तिच्यावर दया करणारा एकमेव मनुष्य एक चिनी दुकानदार असतो. ती भूमिका, त्या काळच्या रिवाजाप्रमाणें, रिचर्ड बार्थेलमेस या गोऱ्या नटानेंच केली.

‘वे डाउन ईस्ट’ या जुन्या नाटकाचे हक्क ग्रिफिथ यांनीं १,७५,००० डॉलर देऊन विकत घेतले, तेव्हां लोकांनीं त्यांना वेड्यांत काढलें. वादळाचा भाग न्यूयॉर्कजवळील मॅमरोनेक येथें खऱ्या हिमवादळांत घेतला गेला. लिलियनच्या पापण्यांवर बर्फाचे कण गोठलेले चित्रांत स्पष्ट दिसतात. नंतर मार्च महिन्यांत व्हर्मांट संस्थानांतील व्हाइट रिव्हर नदीवर मंडळी गेली. नदीवरील बर्फ फोडून त्याचे तराफ्यासारखे तुकडे मोकळे केले, आणि त्यांतील एकावर पातळ पोषाखांत लिलियन निपचित पडून वाहत गेली. एक हात आणि मोकळे केंस पाण्यांत लोंबत असावे ही सूचनाहि तिचीच. पुन्हां पुन्हां तोच प्रसंग घ्यावा लागला. केंस गोठले, आणि त्या हाताच्या बोटांना जी दुखापत झाली ती जन्मभर पुरली. आज अशा प्रसंगांसाठीं यंत्रें आहेत, बदली माणसें आहेत. त्या वेळीं नदी खरी होती, बर्फ खरें होतें आणि मुलगीहि खरी होती.

१९२० सालींच तिनें एक चित्र स्वतः दिग्दर्शित केलें, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. ‘रिमॉडेलिंग हर हजबंड’ हें त्याचें नांव, आणि नायिका तिची बहीण डोरोथी. ग्रिफिथ दुसऱ्या कामावर परगांवीं गेलेले. मॅमरोनेकचा नवा स्टुडिओ अर्धवट अवस्थेंत. अशा स्थितींत खर्चाचा हिशेब, दिवे, मजूर, नटमंडळी हें सर्व या तरुण स्त्रीनें सांभाळलें आणि चित्र पुरें केलें. मात्र त्यानंतर तिनें दिग्दर्शन पुन्हां केलें नाहीं. हें काम स्त्रीला साजेसें नाहीं असें ती म्हणाली. चित्राची एकहि प्रत आज उरलेली नाहीं. एवढें सामर्थ्य दाखवून झाल्यावर तिनें तें आपलें नव्हे म्हणून बाजूस कां ठेवावें? आमच्या घरांतील सुना या प्रश्नावर आमच्याशीं दोन दिवस वाद घालीत होत्या, आणि त्यांचा पक्ष आम्हांस आमच्या पक्षापेक्षां बळकट वाटला हें कबूल केलें पाहिजे.

आतां एका अप्रिय गोष्टीकडे वळावयाचें आहे. ती गाळली असती तर हा लेख अधिक गोड झाला असता. परंतु मग तो खरा झाला नसता. १९१५ सालीं ग्रिफिथ यांनीं ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ हा प्रचंड चित्रपट काढला. चित्रकलेच्या दृष्टीनें त्यानें जग थक्क झालें. अध्यक्ष विल्सन यांच्या निवासस्थानींहि तो दाखविला गेला. परंतु त्यांतील कथा विषारी होती. अमेरिकन यादवी युद्धानंतर गुलामगिरींतून सुटलेल्या काळ्या लोकांना त्यांत पशूंप्रमाणें रंगविलें होतें. मुख्य काळ्या पात्रांचीं कामें गोऱ्या नटांनीं तोंडाला काळें फांसून केलीं होतीं. आणि त्या लोकांना मारून दहशत बसविणारी कु क्लक्स क्लॅन ही टोळी उद्धारकर्ती म्हणून दाखविली होती. नागरी हक्कांसाठीं झगडणाऱ्या संस्थांनीं त्याच वेळीं निषेध केला. नामशेष झालेली ती टोळी त्याच १९१५ सालीं पुन्हां उभी राहिली आणि तिनें या चित्रपटाचा आपल्या प्रसारासाठीं उपयोग करून घेतला. या चित्रांत नायिकेचें काम लिलियन गिश हिनें केलेलें होतें.

काम केलें तेव्हां ती एकवीस वर्षांची होती. तेवढ्यावरून तिला दोष देणें कठीण. परंतु पुढें अठ्ठ्याहत्तर वर्षें ती जगली आणि शेवटपर्यंत तिनें ग्रिफिथ यांचें समर्थनच केलें. त्यांच्या मनांत वंशद्वेष नव्हता असें ती सांगत राही. १९६९ सालीं तिनें आत्मचरित्र लिहिलें, त्याच्या नांवांतहि ‘मिस्टर ग्रिफिथ’ आहेत. आयुष्यभर तिनें त्यांना याच आदरार्थी नांवानें संबोधिलें. ओहायोंतील बोलिंग ग्रीन विद्यापीठानें १९७६ सालीं आपल्या चित्रगृहास गिश भगिनींचें नांव दिलें होतें. तेथील काळ्या विद्यार्थ्यांनीं या चित्रपटाकडे बोट दाखवून आक्षेप घेतल्यावर २०१९ सालीं तें नांव काढण्यांत आलें. त्यावर पन्नासाहून अधिक चित्रपटक्षेत्रांतील मंडळींनीं पत्र लिहून, एका चित्रावरून साऱ्या जीवनाचा निकाल लावूं नये, असें विद्यापीठास विनविलें. त्यांत जेम्स अर्ल जोन्स हे कृष्णवर्णी नटश्रेष्ठहि होते.

हा वाद वाचीत असतां आम्हांस आमच्या संस्कृतच्या गुरुजींची आठवण झाली. आम्हांस जें कांहीं येतें तें त्यांच्यामुळें. त्यांची वाणी, त्यांची स्मरणशक्ति, गरीब मुलांना ते फी न घेतां शिकवीत ती उदारता, या गोष्टी आम्हीं शेंकडों वेळां वर्गांत सांगितल्या आहेत. एके दिवशीं त्यांनीं एका हुशार विद्यार्थ्याला त्याच्या जातीवरून भर वर्गांत जें ऐकविलें तें मात्र आम्हीं कधीं सांगितलें नाहीं. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून संस्कृतच्या तासाला आला नाहीं. आम्ही त्याच्या शेजारच्या बाकावर होतों, आणि गप्प बसलों. पुढें चाळीस वर्षें गुरुजींच्या आठवणी सांगतांना तो दिवस आम्ही गाळीत आलों. आणि त्या गाळण्यालाच गुरुभक्ति समजलों. लिलियन गिश हिच्या निष्ठेंत आम्हांस आमचेंच प्रतिबिंब दिसलें, म्हणून तिला कठोर शब्द लावावयास आमची जीभ धजत नाहीं. एवढें मात्र आतां पटलें आहे कीं, गुरूचें ऋण त्याची चूक झांकून फिटत नाहीं. ज्याला ती चूक सोसावी लागली त्याचेंहि ऋण आपल्यावर असतें.

१९२१ सालच्या ‘ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म’ या चित्रानंतर ती ग्रिफिथ यांच्यापासून दूर झाली. फ्रेंच राज्यक्रांतींत ताटातूट झालेल्या दोन बहिणींची ही कथा. त्यांतील आंधळ्या बहिणीचें काम डोरोथीनें केलें. पुढें ‘द व्हाइट सिस्टर’ (१९२३) हें चित्र लिलियननें इटलींत जाऊन तयार केलें. एका कंपनीचालकानें तिच्यावर करार मोडल्याचा खटला भरला होता, तो १९२५ सालीं फेटाळला गेला. त्याच वर्षीं मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य कंपनीनें तिच्याशीं सहा चित्रांचा आठ लाख डॉलरांचा करार केला. खाऊच्या दुकानांत वाढलेली मुलगी आतां कथा, दिग्दर्शक आणि सहकारी नट निवडूं लागली. ‘ला बोहेम’ (१९२६) मधील क्षयानें मरणाऱ्या मुलीच्या कामासाठीं तिनें रुग्णालयांत जाऊन क्षयी रोग्यांचा श्वास कसा चालतो तें पाहिलें आणि मृत्यूच्या प्रसंगापूर्वीं तीन दिवस पाणी वर्ज्य केलें. दिग्दर्शक किंग व्हिडॉर यांना क्षणभर ती खरोखरच गेली असें वाटलें.

नंतरचें चित्र ‘द स्कार्लेट लेटर’. हॉथॉर्न यांच्या या कादंबरींतील विवाहबाह्य संततीच्या विषयामुळें धर्मसंस्थांचा विरोध होता. चित्राच्या सोज्ज्वळतेची हमी लिलियननें स्वतः दिली आणि परवानगी मिळविली. स्वीडनहून आलेले व्हिक्टर स्योस्ट्रोम हे दिग्दर्शक तिनेंच पसंत केले. चित्र पुरें होत आलें असतांच लंडनहून तार आली. तेथें डोरोथीजवळ राहणाऱ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. लिलियननें रात्रंदिवस उभें राहून उरलेलें काम संपविलें आणि अंगावरील पोषाख उतरतांच ती आगगाडी व आगबोट गांठावयास धांवली. त्यानंतर आई बावीस वर्षें जगली, १९४८ पर्यंत, आणि मुलींनीं तिला अखेरपर्यंत सांभाळलें.

पुन्हां याच स्योस्ट्रोम यांच्याबरोबर तिनें ‘द विंड’ हें चित्र केलें. तें आज तिचें सर्वोत्कृष्ट काम मानलें जातें. टेक्सासच्या माळावर अहोरात्र वाहणाऱ्या वाऱ्यानें वेडीपिशी होणारी एक तरुणी, एवढाच विषय. चित्रीकरण कॅलिफोर्नियांतील मोहावी वाळवंटांत १२० अंश फॅरनहाइटच्या उन्हांत झालें. विमानाचे आठ पंखे लावून तिच्या अंगावर वाळू उडवीत. एकदां दाराची कडी धरली तों तळहाताची कातडी भाजून निघाली. परंतु १९२७ सालीं ‘द जॅझ सिंगर’ बोलूं लागला होता. १९२८ च्या अखेरीस ‘द विंड’ प्रदर्शित झाला तेव्हां लोकांना आवाज ऐकण्याची तहान लागली होती. या मुक्या वाऱ्याकडे कोणी फिरकलें नाहीं. कंपनीनेंहि तिला राहण्याचा आग्रह केला नाहीं.

तेव्हां तिचें वय होतें पस्तीस. किती तरी मूकपट-नटी या वळणावर कायमच्या मागें पडल्या. लिलियन जेथून आली होती तेथें परत गेली, म्हणजे रंगभूमीवर. १९३० सालीं चेकॉव्हच्या ‘अंकल व्हान्या’ या नाटकांत आणि १९३६ सालीं जॉन गिलगुड यांच्या हॅम्लेटबरोबर ऑफिलियाच्या भूमिकेंत तिनें सिद्ध केलें कीं, वाचिक अभिनयहि तिला परका नव्हता. मग वयाला साजेशा भूमिका घेऊन ती पडद्यावरहि येऊं लागली. १९५५ सालीं चार्ल्स लॉटन यांनीं ‘द नाइट ऑफ द हंटर’ काढण्यापूर्वीं ग्रिफिथ यांचीं जुनीं चित्रें मुद्दाम पाहिलीं आणि लिलियनला बोलाविलें. त्यांतील तिची वृद्धा, हातांत बंदूक घेऊन रात्रभर खुर्चीवर बसून पोरक्या मुलांचें रक्षण करते. वे डाउन ईस्टमधील जी मुलगी दाराबाहेर घालविली गेली होती, तीच जणूं म्हातारी होऊन इतरांसाठीं दार उघडीत आहे, असें आमच्या लेकीनें म्हटलें तें आम्हांस फार आवडलें.

१९७१ सालीं तिला सन्मानाचें ऑस्कर मिळालें. जुन्या चित्रांच्या फिती कुजून नष्ट होत आहेत हें पाहून, त्या जतन कराव्या म्हणून ती व्याख्यानें देत गांवोगांव फिरली. तिच्या आरंभकाळचीं किती तरी चित्रें आज उरलेलीं नाहींत, हें लक्षांत घेतलें म्हणजे तिची कळकळ समजते. १९८७ सालीं, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं, ‘द व्हेल्स ऑफ ऑगस्ट’ या चित्रांत तिनें बेटी डेव्हिस हिच्याबरोबर दोन वृद्ध बहिणींपैकीं एकीचें काम केलें; तें शेवटचें. खऱ्या आयुष्यांतील बहीण डोरोथी १९६८ सालींच इटलींत वारली होती. लिलियननें लग्न केलें नाहीं. २७ फेब्रुवारी १९९३ रोजीं न्यूयॉर्क येथें झोंपेंतच तिला मृत्यु आला. शंभरी पुरी व्हावयास आठ महिनेहि उरले नव्हते. आपल्या संपत्तींतून तिनें दोघी बहिणींच्या नांवानें कलावंतांसाठीं एक मोठें पारितोषिक ठेवविलें आहे.

हें सर्व आम्हीं मोठ्या अक्षरांत वहीच्या चार पानांवर लिहून वहिनींना वाचावयास दिलें. त्यांनीं चष्मा लावून सावकाश वाचलें. शेवटीं, न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्यें आई, डोरोथी आणि लिलियन या तिघींना एकमेकींशेजारीं विसांवा मिळाला आहे, असें वाक्य होतें. त्यावर बोट ठेवून वहिनी म्हणाल्या, “म्हणजे घरीं तिघी होत्या. बरं झालं, विचारलं ते.” मग थोडा वेळ थांबून त्यांनीं विचारलें कीं, तुमच्या वर्गांतला तो मुलगा पुढें काय करीत होता. आम्हीं मान हलविली. तें आम्हांस आजहि ठाऊक नाहीं. आणि त्याचा शोध घ्यावयाचा असें आम्हीं आतां ठरविलें आहे.